मेल अडकायचा तो फक्त घरीच

ऑफिसात थंडरबर्ड (मेल वाचायचा प्रोग्रॅम) सुरळीत चालायचं, घरी आलं की लॉगिनलाच रुसायचं. मी दोनदा पासवर्ड बदलला, उगाच. शेवटी एररचा मजकूर नीट वाचला (आधीच वाचायला हवा होता): या खात्याची एका आयपीवरून (इंटरनेटवरच्या एका पत्त्यावरून) कनेक्शनची मर्यादा संपलीय.

मग हिशेब लागला. घरात राउटर एक, म्हणजे बाहेरून आयपीही एकच. डेस्कटॉप, लॅपटॉप, फोन, तिन्हीवर तेच खातं. थंडरबर्ड वेगवेगळ्या फोल्डरांसाठी आयमॅपची (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत) कनेक्शनं उघडी धरून ठेवतं, मूळ सेटिंगनुसार खात्यामागे 5 पर्यंत. दोन मशीनची झाली 10. आमचा मेल सर्व्हर डव्हकॉट या सॉफ्टवेअरवर, आणि त्यात एका युजरला एका आयपीवरून मूळ मर्यादा 10 चीच. फोनने अकरावं मागितलं की नकार. फोन आधी घुसला असेल, तर लॅपटॉप बाहेर.

अकाउंट सेटिंग्जमध्ये सर्व्हर सेटिंग्ज, तिथे अॅडव्हान्स्ड. कनेक्शनची कमाल संख्या 5 ची 2 केली, दोन्ही मशीनवर, आणि थंडरबर्ड बंद करून पुन्हा उघडलं. हावरेपणाने 1 सुद्धा करून पाहिलं होतं, पण मोठी अटॅचमेंट उतरत असताना दुसरं फोल्डर उघडेना. 2 वरच ठेवलंय.