अचानक नेपाळला निघताय? या चुका टाळा

सोयाबीन विकून हातात पैसा आला, नाहीतर परीक्षा एकदाची संपली, की जालना-परभणीकडच्या पोरांच्या डोक्यात नेपाळ येतंच. एकजण म्हणतो, "चल की, काय होतंय," आणि दुसरा रातोरात सॅक भरतो. त्यात वावगं काही नाही. भारतीयांना व्हिसा लागत नाही, हिंदीवर निभतं आणि रेल्वे-जीपने पोचता येतं. महिनाभर आधीपासून तासातासाचं वेळापत्रक आखणाऱ्यांपेक्षा अशी उठून निघणारी जोडीच जास्त मजेत फिरते, असं माझं मत आहे. मुक्काम कुठे, जेवण कुठे, पुढचं गाव कोणतं, हे रस्त्यात ठरू द्या. कागद, नोटा आणि परतीचा दिवस मात्र घरातून निघतानाच ठरलेले हवेत. बहुतेकांची फजिती या तिन्हींतच होते.

आधार आहे ना, मग झालं!

नाही झालं. नेपाळसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. आधार चालतं ते १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना. गोंधळ होतो तो गोरखपूरच्या पुढे, सोनौलीला लागणाऱ्या नेपाळच्या सीमेमुळे. एकाच रस्त्यावर दोन देशांच्या कमानी, मधून सायकली, पोती घेतलेल्या बाया, रिक्षा यांची अखंड ये-जा. त्या गर्दीतून चालत गेलं तर पुष्कळदा कुणी हटकतही नाही. मग गावी येऊन माणूस सांगतो, "आधारवर गेलो की आम्ही." पण हटकलं तर वाद घालायला जागा नसते, आणि काठमांडूहून विमानाने परतायचं ठरलं तर विमानतळावर अडकणार हे नक्की.

दुसरी अडचण अशी की कार्ड असतं, पण ते अंबाजोगाईला आईच्या कपाटात असतं आणि आपण पुण्यात. फोनमधल्या फोटोवर विसंबू नका, मूळ कार्ड मागवून घ्या. पासपोर्टही नाही आणि मतदार कार्डही नाही? मग या खेपेला हंपीला जा. हंपीही सुंदर आहे.

पासपोर्ट साइजचे चार-सहा फोटो सॅकमध्ये टाका. तिथलं सिमकार्ड घेताना आणि ट्रेकिंगचं परमिट काढताना लागतात.

तत्काळची तारीख चुकते

गोरखपूरकडे जाणाऱ्या गाड्या आपल्याला मनमाडहून धराव्या लागतात. मुंबईहून रात्री उशिरा सुटलेली गाडी मनमाडला येईपर्यंत मध्यरात्र उलटते, तारीख बदलते. तत्काळ मात्र गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेच्या आदल्या दिवशी उघडतं. म्हणजे १२ तारखेला पहाटे मनमाडला चढायचं असेल, तर गाडी ११ ला सुटलेली असते आणि तत्काळ १० लाच उघडून संपलेलं असतं. ११ च्या सकाळी मोबाइल धरून बसलेल्यांच्या हाती काही लागत नाही. एसीचं तत्काळ सकाळी १० ला, स्लीपरचं ११ ला. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी खातं आधारशी जोडलेलं लागतं, ते आदल्या रात्री तपासा. वेटिंग तिकिटावर स्लीपरमध्ये घुसून "टीसीला बघू" हा जुना हिशेब सोडा.

गोरखपूरहून सोनौली शंभरेक किलोमीटर. बस आणि शेअर जीप मिळतात.

आयसी की एनसी, हे न विचारणं

एक भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी. हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, त्यामुळे घासाघीस करण्यात अर्थ नाही. घोटाळा होतो भाव विचारताना. दुकानदार म्हणतो "पाचशे". ते आयसी, म्हणजे भारतीय, की एनसी, म्हणजे नेपाळी? पाचशे नेपाळी म्हणजे आपले साधारण ३१२. खिशातून भारतीय पाचशे काढून दिले तर ८०० नेपाळी गेले. टॅक्सीत बसण्याआधी, खोली घेण्याआधी, मोमो मागवण्याआधी एकदा विचारून टाका.

शंभरच्या नोटा जास्त न्या. २०१८ च्या डिसेंबरात नेपाळने शंभरच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. नंतर नियम सैल करण्याच्या हालचाली झाल्या, पण आडगावचा दुकानदार पाचशेची नोट घेईलच याचा भरवसा नाही. २०२४ पासून नेपाळात अनेक ठिकाणी क्यूआर कोडवर यूपीआय चालतं. त्यासाठी ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करावे लागतात, आणि बँकेचा ओटीपी हवा असेल तर भारतीय सिमला रोमिंग. दोघांपैकी एकाने तरी ते घरूनच सुरू करून घ्यावं.

नकाशातले किलोमीटर खरे मानणं

पोखरा ते काठमांडू जेमतेम २०० किलोमीटर. संभाजीनगरहून पुण्याला यापेक्षा जास्त अंतर, म्हणून माणूस दुपारी तिकडचं काहीतरी ठरवून बसतो. घाट, खोदकाम, दरडी आणि ट्रकच्या रांगा यांत अख्खा दिवस जातो. पावसाळ्यात तर जाऊच नये, असं मी सांगेन. जुलै २०२४ मध्ये सिमलताल भागात दोन बस दरडीसोबत त्रिशूली नदीत गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोखऱ्याहून निघालेली, आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या भाविकांची बस मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि २५ हून जास्त माणसं गेली. रात्रीची बस घेऊन एका मुक्कामाचे पैसे वाचवण्याचा मोह टाळा.

दसऱ्याच्या आधीचे दिवसही जपून. तिकडे दसैं म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा सण, सगळा देश गावी निघालेला असतो, बसमध्ये जागा मिळणं मुश्किल.

मुक्तिनाथ एका दमात

ही चूक सगळ्यात महागात पडते, आणि ती होते भोळेपणाने. संभाजीनगर साडेपाचशे-सहाशे मीटरवर, पोखरा आठशेच्या आसपास. आणि मुक्तिनाथाचं देऊळ ३,७०० मीटरच्या वर. आपलं कळसूबाई, राज्यातलं सर्वोच्च शिखर, १,६४६ मीटर. पहाटे पोखऱ्याहून जीप पकडून संध्याकाळी मुक्तिनाथला पोचायचं आणि तिथेच झोपायचं, म्हणजे शरीराला कसलीच उसंत न देणं. डोकं ठणकतं, मळमळतं, जेवण जात नाही, झोप लागत नाही. पोरं म्हणतात, "जीपच्या वळणांनी झालं." २,५०० मीटरच्या वर असं काही झालं तर ते उंचीमुळे आहे असंच धरून चाला.

उपाय साधा आहे. जाताना वाटेतल्या, खालच्या जोमसोम किंवा मार्फा गावात एक रात्र काढा, दुसऱ्या दिवशी वर जाऊन दर्शन घ्या आणि झोपायला परत खाली या. वर दारू नको. डोकेदुखी वाढत गेली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी आपल्या मनाने घेऊ नका. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.

मित्र सोबत असण्याचा खरा उपयोग इथे होतो. ज्याला त्रास होतोय तो "काही नाही रे" म्हणणारच, निर्णय दुसऱ्याने घ्यायचा. हे घरून निघतानाच बोलून ठेवा. पैशांचंही तसंच: सामाईक खर्चाची एक वेगळी थैली करा, रोज रात्री "तुझे किती, माझे किती" नको. पोखऱ्यात एकाला सारंगकोटला पॅराग्लायडिंग करायचंय आणि दुसऱ्याला फेवा तलावाकाठी लोळायचंय, तर एक दिवस वेगळे फिरा. दोघांच्या कागदांच्या प्रती मात्र एकमेकांकडे असू द्या.

लुंबिनी गाळणं

बुद्धाचं जन्मस्थान लुंबिनी सोनौलीहून तीसेक किलोमीटरवर, आणि तरी बहुतेक जण पोखऱ्याच्या घाईत पुढे निघून जातात. अजिंठ्याच्या मुलखातल्या माणसांनी अशोकाचा स्तंभ न पाहता जावं, हे मला काही पटत नाही. लांबच्या रेल्वे प्रवासानंतर पहिला मुक्काम इथे केला तर अंगही सैल होतं.

परतीला त्याच दिवसाची गाडी

पोखऱ्याहून निघून त्याच रात्री गोरखपूरची गाडी पकडण्याचा बेत करू नका. मध्ये दरड कोसळली की तिकीट वाया. एक रात्र सीमेजवळ काढा, आणि उरलेले नेपाळी पैसे सोनौलीतच बदलून घ्या. मनमाडला ते कुणी घेत नाही.