हिवाळ्यात घारी-कोल्हे पाहायला निघताय? या चुका टाळा

डिसेंबर लागला की गोव्यातल्या रायबंदर-चोडण फेरीबोटीवर गळ्यात दुर्बीण अडकवलेली माणसं दिसू लागतात. पाहून बरं वाटतं. पण त्यातली बरीच दहा-साडेदहाला "काहीच दिसलं नाही" म्हणत परततात. कारण बहुतेक वेळा एकच असतं: ती घड्याळ पाहून आलेली असतात, पाणी पाहून नाही. मांडवी नदीकाठचा चिखल सुकतीला, म्हणजे ओहोटीला, उघडा पडतो. खेकडे, अडकलेले मासे, वाहून आलेलं मेलेलं काही, सगळं तेव्हाच हाती लागतं आणि घारी, बगळे, कावळे तेव्हाच उतरतात. सुकतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे गेल्या रविवारची वेळ या रविवारी कामाची नाही. जवळच्या मासेमाऱ्याला विचारा, "सुकती केन्ना?" (ओहोटी कधी?) तो अचूक सांगेल.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे खाणं टाकणं. फोटोसाठी कोंबडीची कातडी, मासळीची आतडी उधळणारे पाहिले की माझा जीव कळवळतो. घार माणसाच्या हाताकडे झेपावायला शिकते आणि मग लोक तिलाच दोष देतात. किनाऱ्यावर तर याचे परिणाम आणखी दूर जातात. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे साधारण नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. खरकट्यावर जमलेली कुत्री आणि कावळे तिथेच रेंगाळतात आणि वाळूतून बाहेर पडणारी पिल्लं त्यांच्या तोंडी जातात. पक्षी पाहायचे तर जिथे त्यांना आपसूक खाणं मिळतं तिथे बसा. मासेमारी जेटीवर बोटी लागायच्या वेळी किंवा खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) मानशीपाशी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दारापाशी. तासभर हलू नका.

ओळखीत गल्लत होते ती ब्राह्मणी घारीच्या पिल्लामुळे. मोठ्या पक्ष्याचं डोकं-छाती पांढरी, बाकी अंग विटकरी. पिल्लू मात्र तपकिरी, अगदी साध्या घारीसारखं. अशा वेळी शेपटी बघा. साध्या घारीची दुभंगलेली, ब्राह्मणीची गोलसर.

कोल्ह्यासाठी वारा सांभाळा. हिवाळ्यात पहाटे वारा घाटाकडून समुद्राकडे वाहतो, दुपारनंतर उलटा. म्हणून सकाळी लपायला चांगली असलेली बांधावरची जागा संध्याकाळी तुमचा वास थेट कोल्ह्याच्या नाकाशी नेते. टॉर्च डोळ्यांवर मारू नका. आणि दुर्बीण एसी गाडीतून काढून लगेच डोळ्याला लावाल तर काचेवर वाफ धरेल. अर्धा तास आधीच बाहेर काढून ठेवा.

रस्त्यात मेलेलं जनावर दिसलं तर जवळ जाऊ नका, हलवूही नका. त्यावर बसलेल्या प्रत्येक मोठ्या पक्ष्याला गिधाड म्हणायचीही घाई नको, बहुधा ती घारच असते. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने मृत जनावर खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि देशभरातली पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळजवळ संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बनवायला बंदी आली. ही गिधाडं इतकी कमी उरल्यामुळे काळ्या अंगाचा, पंखाखाली पुढच्या बाजूला रुंद पांढरा पट्टा असलेला, लांब पंखांचा पक्षी खरोखर दिसलाच तर दूर थांबून पंखाखालचा फोटो घ्या, जागा आणि वेळ लिहा आणि त्याच दिवशी वनखात्याला कळवा.