गार की गरम? त्वचेची परीक्षा घरच्या घरी

तीन पातेली घ्या, प्रत्येकात दोन लिटर पाणी मावेल अशी. वाटीवर भागवू नका, वाटीतलं पाणी बघता बघता निवतं. तापाचा थर्मामीटर इथे उपयोगाचा नाही; शाळेच्या प्रयोगशाळेतला, 110 अंशांपर्यंतचा हवा.

पहिल्यात 40 अंशांचं पाणी करा. पुण्यात उंचीमुळे पाणी साधारण 98 अंशांना उकळतं. थंडीतलं नळाचं पाणी 22 अंश असेल, तर एक भांडं उकळत्याला तीन भांडी गार पुरतात. गार पाणी आधी, उकळतं मागाहून. दुसऱ्यात बर्फ घालून 15 अंश, तिसऱ्यात 28.

एक हात गरम पाण्यात, दुसरा गार पाण्यात, पूर्ण एक मिनिट. मग दोन्ही एकदम तिसऱ्यात. तेच पाणी एका हाताला गार लागतं, दुसऱ्याला कोमट. फरक जाणवला नाही, तर बहुधा हात लवकर काढलेले असतात. मधुमेहाने हात बधिर झालेल्यांनी गरम पातेलं टाळावं.

42 च्या वर मात्र जाऊ नका. 43 अंशांच्या आसपास मज्जातंतूंच्या टोकांवरचा टीआरपीव्ही-1 नावाचा प्रथिनाचा दरवाजा उघडतो आणि चटका जाणवतो. शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाला तो 1997 मध्ये मिरचीतल्या कॅप्सेसिनमुळे सापडला. कॅप्सेसिन असलं की हा दरवाजा कमी तापमानालाच उघडतो, म्हणून मिसळीच्या कटावर घेतलेला नेहमीचा चहाही पोळतो. पाण्यात कॅप्सेसिन नीट विरघळत नाही, दही खा. पुदिन्यातला मेंथॉल थंडीचा दरवाजा उघडतो. हा दरवाजा 2002 मध्ये सापडला. पेपरमिंट चघळून साधं पाणी पिऊन बघा.

स्पर्शासाठी यू-पिन पुरे. टोकांत 3 मिलिमीटर अंतर ठेवून, डोळे मिटलेल्या माणसाच्या बोटाच्या शेंड्यावर अलगद टेकवा. कातडीला जेमतेम खळगा पडावा. बोटावर दोन टोकं ओळखू येतात, हातावर कोपराखाली तीच एक वाटतात. तिथे अंतर वाढवत 3-4 सेंटिमीटरपर्यंत जावं लागतं, कारण तिथे स्पर्श टिपणारी टोकं विरळ आहेत. कातडी दबली की उघडणारा पिएझो-2 नावाचा दरवाजा या टोकांवर असतो. पिएझो शोधताना आर्डेम पाटापुटियन यांच्या गटाने 72 जनुकं एकेक करून बंद केली; शेवटचं जनुक बंद झालं आणि पेशीने टोचण्याला प्रतिसाद देणं थांबवलं. हे 2010 चं काम. ज्युलियस आणि पाटापुटियन दोघांना 2021 चं नोबेल मिळालं.

दोन्ही टोकं एकाच क्षणी टेकली पाहिजेत. एक आधी लागलं तर माणूस वेळेवरून ‘दोन’ म्हणतो आणि मोजणी वाया जाते. मधूनमधून एकच टोक लावा, म्हणजे अंदाजाने दिलेलं उत्तर उघडं पडतं.