फुकट विजेचा हिशेब: आधी पाणी मोजा

प्रकल्पाला विषय मागायला आलेली एम. ए.ची पोरं हटकून म्हणतात, "सर, शेतीपंपाच्या अनुदानावर करतो." करा की! पण आकडे अहवालातून उचलू नका. तासगाव, खानापूर, जत, कुठल्याही विहिरीवर जा. सोबत वायरमन, दोरी आणि दोनशे लिटरचा बॅरल घ्या.

बिलावरून काही कळत नाही. पुष्कळ पंपांना मीटरच नाही, आणि साडेसात एचपीपर्यंत 2024 पासून वीजबिल माफ. म्हणून वायरमनलाच क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखा अडकवून करंट मोजायचं यंत्र, लावायला सांगा. व्होल्ट, अँपिअर, 1.732 (थ्री-फेजचा ठरलेला आकडा) आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला खरा कामाचा हिस्सा) यांचा गुणाकार करून हजारानं भागायचं. 5 एचपीची मोटर 415 व्होल्टवर साडेसात अँपिअर ओढत असेल आणि पॉवर फॅक्टर 0.85 असेल, तर तासाला साधारण 4.6 युनिट. रात्रीच्या लाईटीला व्होल्टेज किती मिळतं ते मात्र जाग्यावर मोजा, 415 धरून बसू नका.

आता बॅरल. 25 सेकंदांत भरला तर तासाला 28.8 घनमीटर पाणी. विहिरीतल्या पाण्यापासून पाइपच्या तोंडापर्यंतची उंची दोरीनं घ्या. एक घनमीटर पाणी 367 मीटर उचलायला एक युनिट लागतं. 25 मीटरला आपलं पाणी मागतं 1.96 युनिट. बाकीची वीज मोटर, पंप आणि पाइप खातात.

खरं अर्थशास्त्र इथून पुढं. शेजाऱ्यानं बोअर मारली, पातळी 25 वरून 40 मीटरवर गेली, की तेवढ्याच पाण्याला 1.6 पट वीज. हा भुर्दंड शेजाऱ्याच्या वहीत कुठंच नाही. दुसऱ्याच्या माथी मारलेला खर्च कर लावून ज्याचा त्याच्याकडून वसूल करावा, असं अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगूनं 1920 मध्ये मांडलं. आपण त्यालाच सवलत देतो! तुमच्या तक्त्यात या भुर्दंडाला वेगळा रकाना हवाच.

सौरपंपाचा तक्ताही वेगळा करा. ग्रिडची वीज वाचली की युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड टळतो, तो जमेला धरा. पाण्याच्या रकान्यात मात्र काही जमा करू नका. ऊन फुकट असल्यावर मोटर बंद कोण करतो? गुजरातेत ढुंडी गावच्या शेतकऱ्यांनी 2016 मध्ये सहकारी संस्था काढून उरलेली सौरवीज ग्रिडला विकायला सुरुवात केली. तिथं मोटर चालवली की विक्रीचे पैसे बुडतात.

म्हणून शेवटचा प्रश्न: "युनिटला किती दिले तर मोटर बंद ठेवाल?" दोन रुपये, चार रुपये, सहा रुपये, असं चढत विचारा. आणि सरपंचांसमोर विचारू नका. तिथं सगळेच पाणी वाचवतात.