पंट वाकडा जातोय? आधी ड्रॉप बघा

अमेरिकन फुटबॉलमध्ये पंट (हातातून सोडलेला बॉल जमिनीवर पडायच्या आत पायाने लांब मारणं) वाकडा जायला लागला की सगळे पायाचा जोर वाढवतात, पण बहुतेक वेळा घोळ ड्रॉपमध्येच, म्हणजे बॉल हातातून पायावर सोडण्यातच असतो. उजव्या पायाने मारत असाल तर बॉल उजव्या हातात, लेस (बॉलवरची दोरीची शिवण) वरच्या बाजूला, पुढचं टोक किंचित आत आणि जरासं खाली, हात किक मारणाऱ्या पायाच्या रेषेत, आणि बॉल वर उडवायचा अजिबात नाही, कमरेच्या उंचीवरून नुसता सोडायचा म्हणजे तो त्याच कोनात पायावर येतो. घोटा ताठ, बोटं ताणलेली, बॉल पावलाच्या वरच्या कडक हाडावर लागला पाहिजे. पाय सरळ वर जाऊ द्या, आडवा फिरला की बॉल साइडलाइनकडे, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेकडे पळतो. रोज किक न मारता नुसते ड्रॉप करा, जमिनीवर पडेपर्यंत बॉलचा कोन बदलता कामा नये.