फार्महाऊसवरचा मातीचा बांध कसा जपावा

ओढ्यावर मातीचा बांध, मागे दोन-तीन एकर पाणी, काठाला एखादी होडी आणि गळ टाकून बसलेले पाहुणे. कृषी पर्यटन केंद्रांवर आणि फार्महाऊसवर अशी तळी आता बरीच दिसतात. १० मीटरपेक्षा बुटका बांध २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे त्या कायद्याखालची तपासणी इथवर पोचत नाही, बांध बघायचा तो मालकानेच. बुटका असला तरी फुटल्यावर खालच्या वस्तीत शिरणारं पाणी तेवढंच वेडं असतं.

मे महिना: आधी सांडवा

मातीचा बांध माथ्यावरून पाणी गेलं की टिकत नाही. म्हणून जादा पाणी बाजूने काढून देणारा सांडवा हाच त्याचा प्राण. पावसाच्या तोंडावर सांडव्यातली झुडपं, गाळ, ढासळलेले दगड काढा. त्याच्या तळापासून बांधाच्या माथ्यापर्यंतची उंची टेपने मोजा आणि मूळ आराखड्याशी ताडून पाहा.

आणि दोन हौशी टाळा. फूटभर पाणी जास्त साठावं म्हणून सांडव्यात फळ्या किंवा वाळूची पोती लावणं, आणि मासे वाहून जाऊ नयेत म्हणून जाळी ठोकणं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात साऊथ फोर्कचं धरण एका श्रीमंतांच्या क्लबकडे होतं, मासेमारी आणि नौकाविहारासाठी. सांडव्यावर माशांसाठी जाळ्या, बग्ग्या जाव्यात म्हणून माथा खाली उतरवलेला, पाणी सोडायचे नळ कधीच काढून विकलेले. ३१ मे १८८९ ला मुसळधार पावसात जाळ्यांना कचरा अडकला, पाणी माथ्यावरून गेलं आणि खालच्या जॉन्सटाऊनसह त्या खोऱ्यात २,२०९ माणसं मेली. सगळ्या सोयी मौजेसाठीच केलेल्या होत्या.

माथा आणि उतार

दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून दोरी ताणा. मध्ये माथा खचलेला दिसला तर पाणी पहिल्यांदा तिथूनच उलटणार. तिथे मुरूम टाकून, पाणी मारून, थराथराने धुम्मस करा, म्हणजे ठोकून घट्ट बसवा. नुसती ट्रॉली रिकामी करून उपयोग नाही. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतातच. पण बांधाच्या आरपार, म्हणजे पाण्याकडून कोरड्या बाजूकडे जाणारी भेग दिसली तर अभियंत्याला बोलवा. माथ्यालगत लांबच लांब भेग आणि खाली फुगवटा असेल, तर उतार घसरतोय असं समजा.

बांधावर झाडं नकोत. सावली छान पडते, फोटो छान येतात, पण मुळं कुजली की आत आयत्या नळ्या तयार होतात, आणि वादळात झाड उन्मळलं तर बांधाचा लचकाच निघतो. झाड अक्षरशः मुळावर येतं! बोटाएवढी रोपं दरवर्षी उपटा. मोठं झाड वाढलंच असेल तर भरल्या तळ्यात त्याची मुळं उकरू नका, सल्ला घेऊन, पाणी उतरवूनच हात लावा. बांधाला शोभतं ते गवत: हरळी किंवा वाळा. ते कापलेलं ठेवा, म्हणजे उंदीर-घुशींची बिळं दिसतात.

बिळांवरून आठवलं. २ जुलै २०१९ ला रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खापर खेकड्यांवर फुटलं. राज्यभर चेष्टा झाली. खेकडा बिळं करतो हे खोटं नाही, पण गळतीची तक्रार गावकरी आधीपासून करत होते.

तळं भरल्यावर: पाझराचा रंग बघा

मातीचा बांध थोडा पाझरतोच, घाबरायचं कारण नाही. बघायचं ते दोन गोष्टींकडे: पाणी किती येतंय आणि कोणत्या रंगाचं. कोरड्या बाजूच्या पायथ्याशी छोटी चर काढून पाझर एका पाइपात घ्या. खाली १० लिटरची बादली लावा आणि मोबाइलवर वेळ मोजा. ४० सेकंदांत भरली तर मिनिटाला १५ लिटर. तळ्यात खुणा रंगवलेला खांब रोवून त्या दिवशीची पातळीही शेजारी लिहा. पातळी तीच आणि पाझर वाढतोय, तर आत काहीतरी बिघडलंय. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर ही फेरी मारा. मोरीच्या, म्हणजे बांधाखालून पाणी सोडायच्या, पाइपभोवतालची माती खास बघा, पाणी बऱ्याचदा तिथूनच वाट काढतं.

पाझर गढूळ झाला की थांबू नका. गढूळ म्हणजे बांधाची माती वाहून जातेय. अशा वेळी कोरड्या बाजूचं तोंड चिखलाने बुजवायचा मोह होतो, पण अडवलेलं पाणी दुसरीकडे फुटतं. तिथे आधी वाळू, वर बारीक खडी, त्यावर मोठी खडी असा ढीग रचा. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. त्याच वेळी मोरीचा व्हॉल्व्ह उघडून तळं उतरवायला लागा. एरवी दिवसाला फूटभराहून जास्त उतरवू नये, ओला उतार घसरतो. संकटात हा हिशोब बाजूला राहतो.

व्हॉल्व्ह ऐन वेळी फिरायला हवा असेल तर वर्षातून दोनदा पूर्ण उघडून बंद करा. ग्रीस लावा. सांडव्याजवळ आणि मोरीच्या तोंडापाशी पोहायला, होडी न्यायला सक्त मनाई ठेवा आणि मध्ये तरंगती दोरी बांधा.

शेवटचं काम दहा मिनिटांचं. ओढ्याकाठच्या घरांचे, पोलीस पाटलांचे, तहसील कार्यालयाचे नंबर, सोबत ११२ आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७, हे सगळं पंपघराच्या भिंतीवर रंगाने मोठ्या अक्षरांत लिहा. नुसतं मोबाइलमध्ये ठेवू नका. बांधावर धावायची वेळ येते ती रात्रीच्या पावसात, आणि तुम्ही तेव्हा पुण्यात असाल. तिथे असेल तो रखवालदार, त्याला कुणाला फोन करायचा ते दिसलं पाहिजे.