आधी कागद, मग गाडी: कॅलिफोर्नियात टर्बो स्पोर्ट्स कार घेऊन तिच्यात बदल करू पाहणाऱ्यांसाठी तयारीची यादी

पुण्यात किंवा ठाण्यात काही वर्षे गाडी चालवून मग फ्रीमाँट, सॅन होजे किंवा सनीव्हेलला स्थायिक झालेल्या माणसाला प्रदूषण तपासणी म्हटले की पीयूसीची टपरी आठवते. सायलेन्सरमध्ये नळी घातली, चिठ्ठी हातात पडली, आणि पुढच्या मुदतीपर्यंत विषय मिटला. कॅलिफोर्नियात टर्बोची, म्हणजे धुराच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र असलेली, स्पोर्ट्स कार घेऊन तिची ताकद वाढवण्याचा बेत असेल, तर हे चित्र आधी मनातून पुसून टाकावे. इथली प्रदूषण तपासणी, म्हणजे स्मॉग चेक, गाडीतून किती धूर निघतो यापेक्षा गाडी कारखान्यातून निघाली तशीच राहिली आहे का, हे अधिक बारकाईने पाहते. २००० सालच्या आणि त्यानंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये आता नळी घातलीच जात नाही. गाडीच्या संगणकाला यंत्र जोडले जाते आणि तंत्रज्ञ बॉनेट उघडून एकेक भाग डोळ्यांनी पाहतो. त्यामुळे धूर स्वच्छ असलेली गाडीसुद्धा नापास होऊ शकते, आणि हौशी मंडळींना नेमके हेच सर्वांत उशिरा कळते.

पहिली तयारी म्हणून वाहन कायद्याचे कलम २७१५६ समजून घ्यावे. प्रदूषण नियंत्रणाच्या यंत्रणेत फेरफार करणारा कोणताही भाग बसवण्यास किंवा विकण्यास हे कलम मनाई करते, आणि त्यातून सुटण्याची वाट एकच ठेवते. भागाच्या उत्पादकाने कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाकडे, म्हणजे ज्याला सगळे 'कार्ब' म्हणतात त्या १९६७ साली स्थापन झालेल्या संस्थेकडे, अर्ज करून प्रदूषण वाढत नसल्याचे सिद्ध करायचे आणि त्या भागासाठी एक्झिक्युटिव्ह ऑर्डर मिळवायची. तिचा क्रमांक 'डी' अक्षराने सुरू होतो, आणि रोजच्या बोलण्यात त्याला 'ईओ नंबर' म्हणतात. हा कडकपणा कुणा अधिकाऱ्याची लहर म्हणून आलेला नाही. १९४३ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसवर डोळे चुरचुरवणारे धुके उतरले, आणि पुढे १९५० च्या दशकाच्या आरंभी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की गाड्यांमधून निघणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ते धुके तयार होते. डोंगरांनी वेढलेल्या आणि भरपूर ऊन असलेल्या त्या खोऱ्यासाठी हा शोध म्हणजे रोगाचे निदानच होते.

आता गाडीची निवड. बहुतेक जण आधी गाडी घेतात आणि मग तिच्यासाठी मान्यताप्राप्त भाग शोधत बसतात. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. मनात असलेल्या दोन-तीन गाड्यांची नावे लिहावीत आणि प्रत्येकीसाठी, नेमक्या त्याच मॉडेल-वर्षासाठी, कोणत्या भागांना ईओ मिळालेली आहे ते कार्बच्या सार्वजनिक यादीत पाहावे. मॉडेल-वर्षाचा आग्रह यासाठी की आदेशात कोणत्या वर्षांच्या कोणत्या गाड्यांसाठी मान्यता आहे ते लिहिलेले असते, आणि २०१७ पर्यंतच्या गाडीसाठी मान्य झालेला इनटेक, म्हणजे इंजिनात हवा नेणारा भाग, २०१८ च्या गाडीवर हुबेहूब बसला तरी कागदोपत्री तो बेकायदाच ठरतो. ज्या गाडीच्या नावापुढे यादीत दोनच ओळी सापडतात, ती कितीही आवडली तरी ती 'जशी आहे तशी' वापरायची गाडी आहे, असे समजून चालावे.

दुसरा विचार कारखान्याने दिलेल्या ताकदीचा. टोयोटाची जीआर सुप्रा २०२० साली तीन लिटर इंजिनातून ३३५ अश्वशक्ती देत होती आणि २०२१ साली तेच इंजिन कंपनीने ३८२ पर्यंत नेले. ही जवळपास पन्नास अश्वशक्ती प्रमाणपत्रासह, वॉरंटीसह आणि भागावर ईओ क्रमांकाची चिकटपट्टी आहे का ते न शोधता मिळते. बाहेरचे भाग बसवून, तेही कायद्याच्या चौकटीत, एवढी वाढ मिळवणे सोपे नाही. सुबारू डब्ल्यूआरएक्सचे उदाहरण वेगळे आहे. २०२१ पर्यंत तिचे इंजिन दोन लिटरचे आणि २६८ अश्वशक्तीचे होते, २०२२ पासून ते २.४ लिटरचे झाले, पण ताकद वाढली ती केवळ तीनने. अनेकांनी नाके मुरडली, परंतु मोठ्या इंजिनावर कमी ताण ठेवलेला असतो ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. उलट जीआर कोरोलात १.६ लिटरच्या तीन सिलिंडरांतून ३०० अश्वशक्ती काढलेली आहे. त्या इंजिनाकडून आणखी काही मागण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

पेट्रोलचा मुद्दा छोटा आहे, पण तो हमखास विसरला जातो. अमेरिकेच्या इतर अनेक राज्यांत प्रीमियम पेट्रोल ९३ ऑक्टेनचे मिळते (ऑक्टेन जितके जास्त, तितके पेट्रोल वेळेआधी पेटण्याला दाद देत नाही), कॅलिफोर्नियात मात्र बहुतेक पंपांवर ९१ च मिळते. टर्बो इंजिनात दाब वाढवला की इंधन वेळेआधी पेटून नॉकिंग, म्हणजे इंजिनात ठोके, होण्याचा धोका वाढतो, म्हणून ९३ ऑक्टेन गृहीत धरून छापलेले ताकदीचे आकडे इथे आपल्याला लागू नाहीत, हे आधीच वहीत लिहून ठेवावे.

जुनी गाडी घ्यायची असेल तर सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. आठ मॉडेल-वर्षांपर्यंतच्या गाडीला दर दोन वर्षांची स्मॉग चेक माफ असते आणि चार मॉडेल-वर्षांपर्यंतची गाडी विकताना ती करावी लागत नाही. सवलत सोयीची आहे खरी, पण तिच्यातच सापळा आहे. तीन वर्षांच्या गाडीत आधीच्या मालकाने काय काय केले हे कोणत्याही तपासणीत उघड झालेले नसते, आणि ते उघड होते ते थेट तुमच्या नावावर, काही वर्षांनी. मी स्वतः एकदा अशी गाडी घेतली. विकणाऱ्याने बॉनेटखाली चमकणारा इनटेक मोठ्या कौतुकाने दाखवला, मीही कौतुकाने पाहिला, आणि त्यावर ईओची चिकटपट्टी आहे का हे विचारायचे भान दोघांनाही राहिले नाही. पुढे मूळ एअरबॉक्स (एअर फिल्टरची पेटी) भंगारातून शोधून आणावा लागला. म्हणून गाडी पाहायला जाताना टॉर्च न्यावी, टर्बोपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंतची (धुरातले विषारी वायू निवळणाऱ्या डब्यापर्यंतची) नळी मूळचीच आहे का ते पाहावे, मूळचे सुटे भाग विकणाऱ्याकडे आहेत का ते विचारावे, आणि नंबरप्लेटवरून राज्याच्या संकेतस्थळावर त्या गाडीचा स्मॉगचा इतिहास आधीच वाचून जावे. तो फुकट वाचता येतो. ज्या गाडीला स्मॉग चेक लागू आहे, तिचे ९० दिवसांच्या आतले प्रमाणपत्र देणे ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. 'तुम्हीच करून घ्या, थोडे पैसे कमी करतो' या वाक्यावर व्यवहार तिथेच थांबवावा.

नेवाडा किंवा ओरेगॉनमध्ये स्वस्त मिळाली म्हणून गाडी आणणाऱ्यांनी बॉनेटखालचे प्रदूषणविषयक लेबल वाचावे. गाडी कॅलिफोर्नियाच्या मानकांनुसार प्रमाणित नसेल आणि ती ७,५०० मैलांपेक्षा कमी चाललेली असेल, तर इथल्या रहिवाशाला तिची नोंदणी करता येत नाही. जपानहून निसानची जुनी स्कायलाइन जीटी-आर आणण्याचे स्वप्न पाहणाऱ्यांसाठी तर वेगळीच परीक्षा आहे. २५ वर्षे जुन्या गाडीला केंद्रीय सुरक्षा नियमांतून सूट मिळते, कॅलिफोर्नियाच्या प्रदूषण नियमांतून नाही. इथे १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांनाच स्मॉग चेक माफ आहे. बाकी आयात गाडीत आवश्यक बदल करून तिची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत चाचणी करावी लागते, आणि त्या खर्चात एखादी बरी गाडी येते.

गाडी दारात आली की भागांची यादी करताना प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहावा: हा भाग हवेच्या, इंधनाच्या किंवा धुराच्या मार्गात येतो का? इनटेक, टर्बोची गरम हवा थंड करणारा इंटरकूलर, जादा दाब सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, मोठा टर्बो, इतकेच काय क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पोटाच्या) वाफेतले तेल गोळा करणारा कॅच कॅनसुद्धा, हे सारे त्या मार्गात येतात आणि त्यांना ईओ लागते. शेवटच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरनंतरचा एक्झॉस्ट मात्र बहुधा या कचाट्यातून सुटतो, पण त्याला आवाजाची मर्यादा आहे: साध्या मोटारींसाठी ९५ डेसिबल. शेजाऱ्यांची मर्यादा याहून बरीच कमी असते.

डाउनपाइपचा, म्हणजे टर्बोच्या लगेच पुढच्या धुराच्या नळीचा, मोह सर्वांत मोठा, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. टर्बोमधून बाहेर पडणाऱ्या गरम वायूला पहिला अडथळा होतो तो लगेच पुढे बसवलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा. तो काढून मोकळी नळी टाकली की टर्बो लवकर फिरतो आणि ताकद ठळकपणे वाढते, यात खोटे काही नाही. पण कन्व्हर्टर इंजिनाला इतका खेटून ठेवण्यामागे कारण आहे. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत सर्वांत जास्त प्रदूषण होते, आणि कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून तो उष्णतेच्या उगमाजवळ असावा लागतो. तो काढणे राज्याच्याच नव्हे तर केंद्रीय स्वच्छ हवा कायद्याच्याही विरुद्ध आहे, आणि 'फक्त शर्यतीसाठी' असे खोक्यावर छापलेले असले तरी नंबरप्लेट असलेल्या गाडीला ती पळवाट मिळत नाही. कन्व्हर्टर नीट काम करतो का हे पाहणाऱ्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरला फसवणाऱ्या युक्त्यांचा उल्लेख करतो तो केवळ त्या करू नयेत हे सांगण्यासाठी.

ट्यून, म्हणजे ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) सॉफ्टवेअर बदलणे, हा भाग पूर्वी डोळ्यांना न दिसणारा म्हणून सुरक्षित मानला जाई. १९ जुलै २०२१ पासून ती सोय संपली. स्मॉग चेकचे यंत्र आता सॉफ्टवेअरची ओळख आणि पडताळणी क्रमांक वाचते, आणि ते मूळचे किंवा ईओप्राप्त नसेल तर गाडी नापास होते. तपासणीच्या आदल्या रात्री मूळ सॉफ्टवेअर परत भरण्याचा उपायही वाटतो तितका सोपा नाही, कारण तसे केल्यावर गाडीच्या आत्मपरीक्षणाच्या नोंदी, ज्यांना रेडिनेस मॉनिटर म्हणतात, कोऱ्या होतात, आणि २००० नंतरच्या पेट्रोल गाडीत बाष्पीभवनाचा मॉनिटर वगळता बाकी सगळे पूर्ण असावे लागतात. प्रामाणिक माणसालाही हा नियम चावतो: नुकतीच बॅटरी बदललेली गाडी दुसऱ्याच दिवशी तपासणीला नेऊ नये, हायवेवर आणि गावात मिळून काही दिवस चालवून, साध्या स्कॅनरने मॉनिटर पाहून मगच वेळ घ्यावी.

बजेटचा मोठा वाटा कुठे जावा, याबद्दल माझे मत ठाम आहे. टायर, ब्रेक पॅड, जास्त तापमान सहन करणारे ब्रेकचे तेल आणि सस्पेन्शन यांना कार्बची परवानगी लागत नाही, आणि विलोजजवळच्या थंडरहिल ट्रॅकवर उन्हाळ्याच्या दुपारी पाचव्या फेरीला ब्रेकचे पेडल मऊ पडते तेव्हा तीस अश्वशक्ती जास्त असल्याचा काडीचा उपयोग होत नाही. लागुना सेका ट्रॅकवर जाणार असाल तर त्या दिवसाची आवाजाची मर्यादा आधी विचारून घ्यावी. तिथे ती कडक असते आणि मोठ्या आवाजाच्या गाडीला सरळ बाहेर काढतात.

शेवटी कागदपत्रांची फाइल. प्रत्येक भागाबरोबर आलेली ईओची चिकटपट्टी बॉनेटखाली सहज दिसेल अशा जागी लावावी, आदेशाची छापील प्रत आणि पावती गाडीतच ठेवावी, आणि एखाद्या तंत्रज्ञाशी भागाच्या मान्यतेवरून मतभेद झालाच तर वाद न घालता राज्याच्या स्मॉग रेफरीची, म्हणजे अशा वादांचा निवाडा करणाऱ्या तपासनिसाची, वेळ घ्यावी. इंजिनच बदलले असेल तर त्याच्याकडे जाणे अटळच असते. काढलेले मूळ भाग, त्यांच्या नटबोल्टांसकट, पिशव्यांवर नावे लिहून गराजच्या एका खोक्यात ठेवावेत. गाडी विकताना गिऱ्हाईक सर्वांत आधी तेच मागेल.